हवेतले सूक्ष्म धातू आणि आपली औद्योगिक शहरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर, जालना, कोल्हापूर, तारापूर, नवी मुंबई अशा कारखानदारीच्या शहरांतून आणि मुंबई-पुण्यातून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत. प्रश्न १० पासून पुढे अहवाल वाचणाऱ्यांना आणि नमुने घेणाऱ्यांना उपयोगी पडेल असा तपशील आहे.

१. हवेतले ‘सूक्ष्म धातू’ म्हणजे काय? धूळ मोजतात तेव्हा तेच मोजले जात नाहीत का?

नाही. पीएम१० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या सगळ्या कणांचे एकत्रित वजन. त्यात माती असते, काजळी, सल्फेट, राख, समुद्राचे मीठही असते. शिसे, आर्सेनिक, निकेल, कॅडमियम, क्रोमियम, मँगनीज, जस्त, तांबे, व्हॅनेडियम हे त्या कणांत किंवा कणांवर चिकटून अत्यल्प प्रमाणात असतात. (आर्सेनिक खरे तर अर्धधातू आहे, पण मोजणीत त्याला धातूंच्याच पंगतीला बसवतात.) प्रमाण किती अल्प, ते मर्यादांवरूनच कळते. पीएम१० ची वार्षिक मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आणि आर्सेनिकची ६ नॅनोग्रॅम, म्हणजे धुळीच्या दहा हजारावा भाग. एवढ्या धुळीत आर्सेनिक दुप्पट झाले तरी धुळीच्या एकूण वजनात काहीच फरक दिसणार नाही.

२. मायक्रोग्रॅम आणि नॅनोग्रॅम यांत नेहमी गोंधळ होतो. अहवाल कसा वाचायचा?

१ मायक्रोग्रॅम म्हणजे १,००० नॅनोग्रॅम. शिशाची मर्यादा मायक्रोग्रॅममध्ये दिलेली असते, आर्सेनिक आणि निकेलची नॅनोग्रॅममध्ये. एकाच तक्त्यात तिन्ही आले की चुका होतात. निकेलच्या रकान्यात ०.०२ दिसले आणि एकक मायक्रोग्रॅम असेल, तर ते बरोबर मर्यादेवर आहे. एकक नॅनोग्रॅम असेल तर ते नगण्य आहे. आकडा वाचण्याआधी रकान्याच्या डोक्यावरचे एकक वाचा.

३. भारतात कोणत्या धातूंना कायदेशीर मर्यादा आहे?

फक्त तिघांना. नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांनुसार शिसे २४ तासांच्या सरासरीत १.० मायक्रोग्रॅम आणि वार्षिक सरासरीत ०.५ मायक्रोग्रॅम, आर्सेनिक वार्षिक ६ नॅनोग्रॅम, निकेल वार्षिक २० नॅनोग्रॅम. हे सर्व आकडे प्रति घनमीटर हवेमागे आहेत.

वार्षिक सरासरी म्हणजे एका ठिकाणी वर्षभरात आठवड्यातून दोनदा, २४-२४ तासांचे, किमान १०४ नमुने. वर्षाकाठी आठ-दहा नमुने घेऊन ‘वार्षिक सरासरी मर्यादेत’ असे लिहिले असेल, तर त्या वाक्याला मानकाचा आधार नाही.

आणखी एक बदल फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. १९९४ च्या मानकांत औद्योगिक क्षेत्राला वेगळी, ढिली मर्यादा होती: शिशासाठी वार्षिक १.० मायक्रोग्रॅम, तर निवासी भागाला ०.७५. २००९ मध्ये हा भेद काढून टाकला. त्यामुळे ‘एमआयडीसीत एवढे चालतेच’ हे म्हणणे आता नियमात बसत नाही.

४. कॅडमियम, क्रोमियम, मँगनीज यांना मर्यादाच नाही. म्हणजे ते निरुपद्रवी समजायचे?

मुळीच नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने आर्सेनिक, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचा विषारी प्रकार) आणि निकेलची संयुगे या सगळ्यांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे. मँगनीजचा रोख मज्जासंस्थेवर असतो. आपल्याकडे मर्यादा नाही तिथे तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाची वार्षिक मूल्ये वापरता येतात: कॅडमियम ५ नॅनोग्रॅम, मँगनीज १५० नॅनोग्रॅम. ती कायद्याने बंधनकारक नाहीत, पण दिशा दाखवतात.

मर्यादेच्या आत म्हणजे धोका शून्य, असेही नाही. हवेत ६.६ नॅनोग्रॅम आर्सेनिक असेल आणि माणूस आयुष्यभर ती हवा घेत राहिला, तर कर्करोगाचा जादा धोका अंदाजे लाखात एक, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. आपली ६ ची मर्यादा त्याच्या आसपासची आहे.

५. मोबाइलवर एक्यूआय (हवा गुणवत्ता निर्देशांक) ‘समाधानकारक’ दाखवतो. मग धातूंची काळजी कशाला?

कारण त्या आकड्यात धातू धरलेले नसतात. भारताच्या एक्यूआयमध्ये आठ घटक आहेत आणि शिसे त्यांपैकी एक आहे, हे कागदावर खरे. पण चौकातली स्वयंचलित यंत्रे धुळीचे वजन आणि वायू मोजतात. शिशासाठी फिल्टर प्रयोगशाळेत न्यावा लागतो आणि निकाल काही दिवसांनी येतो. त्यामुळे पडद्यावरचा ताजा एक्यूआय शिशाशिवायच काढलेला असतो. आर्सेनिक आणि निकेल तर त्या आठांत नाहीतच. घरी ठेवायचे स्वस्त सेन्सर प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा अंदाज बांधतात. कण मातीचा आहे की शिशाचा, हे त्यांना कळण्याची सोय नाही.

६. कोणता धातू कुठून येतो?

एका धातूवरून उगम ठरवू नये. धातूंच्या जोड्या पाहाव्यात.

आर्सेनिक, सेलेनियम आणि पारा एकत्र वाढले तर पहिला संशय कोळशावर. व्हॅनेडियम आणि निकेल जोडीने दिसले तर जड इंधन तेल: बॉयलरमधले फर्नेस ऑइल, बंदरातली जहाजे, तेलशुद्धीकरण. तांबे, अँटिमनी आणि बेरियम हे गाडीच्या ब्रेक लायनरचे त्रिकूट आहे, त्यात जस्त मिळाले की टायरची झीजही आली. मँगनीज आणि लोह पोलाद व फेरोमिश्रधातूंच्या भट्ट्यांकडे बोट दाखवतात, क्रोमियम आणि निकेल स्टेनलेस स्टील व प्लेटिंगकडे. शिसे, अँटिमनी आणि कधी आर्सेनिक एकत्र असतील तर जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचा व्यवसाय आसपास आहे का, ते पाहावे. बॅटरीच्या शिशात कडकपणासाठी अँटिमनी मिसळलेले असते. शिसे, जस्त, कॅडमियम यांच्यासोबत क्लोरीन चढले तर कचरा किंवा वायरी जाळल्याची शक्यता मोठी.

जालन्यासारख्या भंगारावर चालणाऱ्या पोलाद उद्योगात जस्त एवढे का दिसते, हा प्रश्न वेगळा विचारला जातो. उत्तर उत्कलनबिंदूत आहे. पोलाद वितळायला सुमारे १,५०० अंश सेल्सिअस लागतात, जस्त ९०७ अंशांना उकळते आणि कॅडमियम ७६७ अंशांना. गॅल्वनाइज्ड पत्रा किंवा रंगवलेले भंगार विजेवर चालणाऱ्या इंडक्शन फर्नेसमध्ये पडले की लोखंड पातळ होण्याआधीच हे धातू वाफ होऊन बाहेर पडतात आणि थंड होताच अतिसूक्ष्म कण बनतात. भट्टीवरचे हूड (धूर ओढून घेणारे छत्र) चार्जिंगच्या, म्हणजे भंगार टाकण्याच्या वेळी बाजूला सरकवलेले असेल, तर ही वाफ धूळसंकलकाकडे जातच नाही, थेट शेडच्या छतातून निघते. भंगार आधी वेगळे करणे आणि चार्जिंग चालू असताना हूड जागेवर ठेवणे, या दोन गोष्टींनी जो फरक पडतो तो चिमणी उंच करून पडत नाही.

७. पेट्रोलमधले शिसे कधीच बंद झाले. मग हवेत अजून शिसे कसे?

मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ पासून मिळू लागले आणि २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर थांबले. जगात सगळ्यात शेवटी, जुलै २०२१ मध्ये, अल्जीरियाने ते बंद केले. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल थांबल्यावर हवेतले शिसे जेवढे घसरले तेवढा दुसरा कोणताही धातू एका निर्णयाने घसरलेला नाही.

उरलेले शिसे तीन वाटांनी येते. एक, जुना साठा: शिसे कुजत नाही, विरत नाही. रस्त्याकडेच्या मातीत ते बसून आहे, खोदकाम झाले किंवा वाहने गेली की पुन्हा उडते. दोन, चालू उद्योग, त्यातही परसात किंवा शेडमध्ये चालणारी बॅटरी वितळवणी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तरी अनधिकृत भट्टी रात्री चालते आणि ती कुठल्याच उत्सर्जन यादीत नसते. तीन, जुना रंग: घरगुती रंगांतील शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, पण त्याआधी रंगवलेली दारे-खिडक्या घासल्या की धूळ होते.

८. आमच्या शहरात पीएम१० कमी झाले असे जाहीर झाले. धातूही कमी झाले असतील ना?

तसे गृहीत धरू नका. एवढा एक मुद्दा ध्यानात आला तरी या पानाचे काम झाले.

रस्ते झाडणे, पाणी मारणे, डांबरीकरण, बांधकामावर हिरवे कापड, यांनी जाड मातीची धूळ कमी होते. पीएम१० चे वजन मुख्यतः या जाड कणांत असते, म्हणून आकडा लगेच खाली येतो. आर्सेनिक, कॅडमियम, सेलेनियम, शिसे मात्र बहुतांशी अडीच मायक्रॉनखालच्या कणांवर असतात. रस्त्यावर पाणी मारून भट्टीचा धूर कमी होत नाही.

वीज केंद्रांत हेच दुसऱ्या रूपात दिसते. बॉयलरच्या उष्णतेत आर्सेनिक आणि सेलेनियमची वाफ होते, धूर थंड होताना ती राखेच्या कणांवर बसते. लहान कणांना वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून धातूंचा मोठा हिस्सा लहान कणांवर जातो. ईएसपी (विजेच्या भाराने राख पकडणारे यंत्र) एकूण राखेचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग पकडतो, पण ०.१ ते १ मायक्रॉनच्या टप्प्यात त्याची पकड सगळ्यात सैल असते. जे निसटते ते नेमके धातूंनी लगडलेले असते. त्यामुळे चिमणीतून बाहेर पडणारी राख कमी झाली तरी तिच्या दर ग्रॅममागे धातू जास्त निघू शकतात.

९. गेल्या २०-२५ वर्षांत एकूण कल काय दिसतो?

धातूगणिक वेगळा. शिसे आधी झपाट्याने आणि मग रेंगाळत खाली गेले (प्रश्न ७). व्हॅनेडियम बंदरांच्या शहरांत १ जानेवारी २०२० नंतर घसरले. त्या दिवसापासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्के झाली आणि कमी गंधकाच्या इंधनात व्हॅनेडियमही कमी असते. निकेल त्या मानाने कमी उतरले. म्हणून व्हॅनेडियम-निकेल गुणोत्तरावरून जहाजांचा वाटा काढण्याची जुनी पद्धत २०२० नंतरच्या नमुन्यांना तशीच लावू नये.

तांबे, अँटिमनी, जस्त हे वाहनांच्या झिजेचे धातू उत्सर्जन मानके कितीही कडक झाली तरी हटत नाहीत. बीएस-६ या वाहन-धुराच्या मानकाचा संबंध सायलेन्सरशी आहे, ब्रेकशी नाही. आर्सेनिक आणि मँगनीज स्थानिक उद्योगाच्या चढउतारासोबत हलतात, त्यांचा देशव्यापी एकच कल सांगणे दिशाभूल करणारे ठरेल.

१०. धातू मोजतात तरी कसे? टप्पे सांगा.

प्रचलित पद्धत अशी. उच्च प्रवाहाच्या पीएम१० सँपलरवर सुमारे २० बाय २५ सेंटीमीटरचा फिल्टर लावतात. हवा मिनिटाला साधारण १.१ घनमीटर वेगाने २४ तास ओढली जाते, म्हणजे १.१ गुणिले १,४४० मिनिटे, एकूण १,५८४ घनमीटर. फिल्टर वजन करून त्याची एक इंच रुंद पट्टी कापतात. ही पट्टी धूळ बसलेल्या भागाचा नववा हिस्सा असते. ती नायट्रिक किंवा नायट्रिक-हायड्रोक्लोरिक आम्लात हॉटप्लेटवर वा मायक्रोवेव्हमध्ये पचवतात, द्रावण गाळून ठरावीक आकारमानाला आणतात आणि एएएस किंवा आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्रावर वाचतात. दुसरी वाट म्हणजे टेफ्लॉन फिल्टर आणि एक्स-रे फ्लुओरेसन्स; त्यात नमुना नष्ट होत नाही.

हिशेबाचे उदाहरण: द्रावण ५० मिलिलीटर, यंत्राने शिसे दाखवले प्रति मिलिलीटर ०.४० मायक्रोग्रॅम. पट्टीत २० मायक्रोग्रॅम, पूर्ण फिल्टरवर नऊपट म्हणजे १८०. कोऱ्या फिल्टरचे ९ वजा केले की १७१. त्याला १,५८४ ने भागले की ०.१०८ मायक्रोग्रॅम, म्हणजे १०८ नॅनोग्रॅम प्रति घनमीटर. नऊने गुणायचे राहिले किंवा कोरा फिल्टर वजा केला नाही, तर सगळा अहवाल चुकतो, आणि या दोन्ही चुका तक्त्यात दिसत नाहीत.

११. मोजणीत सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

तांबे: सँपलरच्या ब्रश असलेल्या मोटरमध्ये तांब्याचा कम्युटेटर घासला जातो. मोटरची बाहेर पडणारी हवा पुन्हा तोंडातून आत ओढली गेली तर तांबे फुगलेले दिसते. वारा पडलेल्या रात्री हे जास्त होते. उपाय ब्रशविरहित मोटर, नाहीतर बाहेर पडणारी हवा नळीने दूर सोडणे.

जस्त आणि बेरियम: काचतंतूच्या फिल्टरमध्ये हे मुळातच भरपूर असतात. फिल्टरची खेप बदलली की आकडे उडी मारतात. प्रत्येक खेपेचे कोरे फिल्टर तपासावेत आणि दर दहा नमुन्यांमागे किमान एक फिल्टर मोजणी ठाण्यावर नेऊन, हवा न ओढता परत आणून तपासावा. क्वार्ट्झ फिल्टर महाग पडतो, पण धातूंसाठी पुष्कळच स्वच्छ असतो.

आर्सेनिक: आयसीपी-एमएस (अणूंच्या वस्तुमानावरून धातू ओळखणारे यंत्र) ७५ या वस्तुमानावर आर्सेनिक मोजते. पचनात हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले असेल तर आरगॉन आणि क्लोरीनची जोडी नेमकी ७५ वरच येऊन बसते आणि आर्सेनिक नसताना दिसते. किनाऱ्यावरच्या नमुन्यांत मिठाचे क्लोरीन आधीच असते. ही जोडी गाळणारा हेलियम कोलिजन सेल वापरला का, हे विचारावे. व्हॅनेडियमलाही क्लोरीनचा असाच उपद्रव होतो.

पारा फिल्टरवर सापडत नाही, कारण हवेतला बहुतेक पारा वायुरूप असतो. त्याला सोन्याचा मुलामा असलेली नळी लागते. फिल्टरच्या अहवालात ‘पारा आढळला नाही’ लिहिले असेल तर त्या ओळीला काही अर्थ नाही. षट्संयुजी क्रोमियमही साध्या फिल्टरवर टिकत नाही, तो वाटेत त्रिसंयुजी होतो. त्याला सोडियम बायकार्बोनेटमध्ये भिजवलेला सेल्युलोज फिल्टर आणि थंड वाहतूक लागते. साध्या अहवालातला क्रोमियमचा आकडा दोन्हींची बेरीज असते, तो सगळा विषारी प्रकारचा समजू नये.

१२. अहवालात आर्सेनिकपुढे नुसते ‘बीडीएल’ लिहिले आहे. म्हणजे हवा सुरक्षित?

बीडीएल म्हणजे यंत्राला जेवढे ओळखता येते त्याच्याखाली. पण ते ‘जेवढे’ किती, हे लिहिलेले हवे. ओळखमर्यादा १ नॅनोग्रॅम असेल तर बीडीएल ही चांगली बातमी. ती १० नॅनोग्रॅम असेल तर कायद्याच्या ६ च्या वरचे ८ नॅनोग्रॅमही ‘बीडीएल’च येईल, आणि मर्यादा पाळली की मोडली हे सांगताच येणार नाही.

कल काढताना बीडीएलच्या जागी शून्य घालू नका. ओळखमर्यादेच्या निम्मे घालण्याची पद्धत थोड्या नमुन्यांपुरती चालते. निम्म्याहून जास्त नमुने बीडीएल असतील तर सरासरी काढण्यापेक्षा ‘इतक्यांपैकी इतक्या नमुन्यांत आढळले’ एवढेच सांगणे प्रामाणिक. ओळखमर्यादा अधेमध्ये बदलली असेल तर काय, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

१३. संवर्धन गुणांक काढला, तांबे ‘प्रदूषणजन्य’ निघाले. पण जवळपास उद्योगच नाही. असे कसे?

बहुधा तुमच्या पायाखालच्या काळ्या दगडामुळे. संवर्धन गुणांक म्हणजे हवेतल्या धुळीत धातू आणि ॲल्युमिनियम यांचे जे प्रमाण आहे, त्याला पृथ्वीच्या कवचातल्या प्रमाणाने भागणे. तयार तक्त्यात कवचाचे मूल्य जागतिक सरासरीचे असते: तांबे २८ पीपीएम, व्हॅनेडियम ९७, लोह सुमारे ३.९ टक्के. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तांबे १००-२०० पीपीएम, व्हॅनेडियम ३०० च्या वर आणि लोह ९-१० टक्के सहज मिळते. नाशिक, पुणे किंवा सोलापूरची निव्वळ शेतातली धूळ घेतली तरी तांब्याचा गुणांक ६ ते ८ आणि व्हॅनेडियमचा ४ च्या आसपास येऊ शकतो. १० च्या वर गेले की मानवनिर्मित, असा ढोबळ संकेत असल्याने थोडी ब्रेकची धूळ मिसळली की निष्कर्ष उलटतो.

ॲल्युमिनियमऐवजी लोह आधाराला घेतले तर चूक दुसऱ्या दिशेने होते. इथल्या मातीत लोह अडीचपट जास्त, म्हणून शिशाचा गुणांक तेवढाच कमी भरतो आणि खरे प्रदूषण झाकले जाते. पोलादाच्या शहरात तर लोह आधाराला घेऊच नये.

उपाय खर्चिक नाही. मोजणी ठाण्याच्या परिसरातली, रस्ता आणि कारखान्यापासून दूरची माती आठ-दहा ठिकाणांहून घ्या, वाळवून बारीक चाळणीतून गाळा आणि फिल्टर तपासला जातो त्याच पद्धतीने तपासून स्थानिक पाया ठरवा. मात्र अख्ख्या महाराष्ट्राला एकच पाया लावू नका. चंद्रपूरकडे गोंडवाना काळातले वालुकाश्म व कोळसा, शिवाय चुनखडी आहे, बेसॉल्टचा हिशेब तिथे लागू नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत, तिथल्या मातीतच मँगनीज चढे असते.

१४. चंद्रपूरसाठी कोणते धातू पाहावेत?

२००९ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते, त्यामुळे हा प्रश्न सारखा येतो. (तो निर्देशांक हवा, पाणी, जमीन मिळून होता.) इथे तीन वेगळे उगम एकमेकांत मिसळतात. २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आणि कोळशाचा इतर वापर, यांच्यासाठी आर्सेनिक व सेलेनियम पाहा. फेरोमिश्रधातूंसाठी मँगनीज. खाणी, कोळसा वाहतूक आणि सिमेंट यांच्यासाठी ॲल्युमिनियम, सिलिकॉन, कॅल्शियम. पीएम१० आणि पीएम२.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण) दोन्हींत धातू तपासले तर उकल सोपी होते: मँगनीज जाड कणांत असेल तर धूळ उडते आहे, बारीक कणांत असेल तर भट्टीचा धूर. सोबत वाऱ्याची दिशा हवीच. ती नोंदली नसेल तर चांगल्या नमुन्याचाही निम्मा उपयोग जातो.

कोल्हापूरच्या फाउंड्री पट्ट्यात कपोला आणि इंडक्शन भट्ट्या यांचा फरक असाच कामी येतो. कपोलात कोक जळतो, म्हणून कोळशाच्या खुणा येतात. इंडक्शनमध्ये विजेवर काम चालते, तिथे भंगारातले जस्त आणि शिसे पुढे येतात.

१५. आमच्याकडे दहा वर्षांचे आकडे आहेत. खरा कल आणि भासमान कल कसा ओळखावा?

आलेख काढण्याआधी मोजणीचा इतिहास एका कागदावर मांडा: मोजणी ठाणे हलले का, प्रयोगशाळा बदलली का, फिल्टरचा प्रकार बदलला का, ओळखमर्यादा बदलली का, एसपीएमवरून (हवेत तरंगणाऱ्या सगळ्या धुळीवरून) पीएम१० वर कधी आले. यांपैकी काही घडले त्याच महिन्यात आकडा पायरीसारखा खाली-वर झाला असेल, तर तो हवेचा बदल नाही असे धरून चाला. ओळखमर्यादा वेगवेगळ्या असतील तर सर्व वर्षांना सगळ्यात वाईट ओळखमर्यादा लावून तुलना करा.

मग ऋतू. डिसेंबर-जानेवारीत रात्रीची थंड हवा जमिनीलगत अडकते आणि त्याच भट्टीचे त्याच प्रमाणातले धातू जास्त दिसतात. जून ते सप्टेंबर पाऊस कण धुऊन नेतो. एका वर्षी हिवाळ्याचे नमुने जास्त, दुसऱ्या वर्षी पावसाळ्याचे जास्त असतील तर वार्षिक सरासऱ्यांची तुलना फसवी. जानेवारीची तुलना जानेवारीशीच करा. ऋतूनिहाय मान-केंडाल चाचणी (कल खरा की योगायोग, हे तपासणारी) आणि सेनचा उतार (कल किती वेगाचा, हे सांगणारा) यांना पाच ते आठ वर्षांचे नियमित आकडे लागतात. २०२० च्या टाळेबंदीचे महिने वेगळे काढून कल पुन्हा तपासा. मालिका २०२० ला सुरू केली तर सगळेच वाढलेले दिसेल.

शेवटची कसोटी धातूंच्या जोड्यांची. आर्सेनिक उतरले आणि सेलेनियमही उतरले, तर कोळशाचा धूर खरोखर घटला असावा. आर्सेनिक एकटेच उतरले, तर आधी प्रयोगशाळेकडे पाहा (प्रश्न ११).

१६. दिवाळीतले नमुने धरायचे की वगळायचे?

धरायचे, पण खूण करून. फटाक्यांनी बेरियम, स्ट्राँशियम, पोटॅशियम, ॲल्युमिनियम, तांबे एका रात्रीत चढतात. बेरियमच्या क्षारांवर सर्वोच्च न्यायालयाची २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे बेरियमचा आकडा बंदीच्या पालनाचीही तपासणी ठरतो. कायदेशीर वार्षिक सरासरीत हे दिवस येतात. उद्योगांचा कल काढताना मात्र ते वगळून दुसरी सरासरी काढा आणि दोन्ही छापा.

१७. इलेक्ट्रिक गाड्या आल्या की धातू संपतील का?

धूर जाईल, झीज राहील. बॅटरीमुळे गाडी जड, म्हणून टायर जास्त झिजतो. मोटरनेच वेग आवरल्यामुळे ब्रेक मात्र कमी झिजतो. म्हणजे तांबे-अँटिमनी कमी आणि जस्त तसेच किंवा जास्त, अशी अपेक्षा ठेवा. युरोपच्या युरो-७ नियमांत ब्रेकच्या कणांना प्रथमच मर्यादा घातली आहे.

१८. मुलांची रक्ततपासणी करावी का? कोणती?

बॅटरी वितळवणी, भंगार किंवा भट्टीजवळ राहणाऱ्या, अथवा घरात कुणी अशा कामावर असलेल्या लहान मुलांसाठी रक्तातल्या शिशाची तपासणी योग्य आहे. नमुना शिरेतून घ्यावा. बोटावर धूळ असली तर टोचून घेतलेल्या थेंबात खोटे शिसे येते. प्रति डेसिलीटर ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आले तर उगम शोधून थांबवावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखालची पातळी निर्धोक आहे असे मात्र कुणी म्हणत नाही.

आकडा जास्त आला तरी हवेलाच दोष देऊन थांबू नका. भेसळीची हळद, सुरमा, काही सिंदूर, शिसे मिसळलेल्या कथलाची कल्हई, जुना रंग हे उगम घरातच असतात, आणि कामावरून आलेले कपडे हा सगळ्यात दुर्लक्षित उगम आहे.

आर्सेनिकसाठी लघवी तपासतात. कोकणात आणि मुंबईत एक खबरदारी घ्यावी: तपासणीआधी तीन-चार दिवस समुद्रातली मासळी, कोळंबी, तिसऱ्या बंद. त्यांतले आर्सेनिक बिनविषारी प्रकारचे असते, पण एकूण आकडा भरमसाट दिसतो.

१९. घरात काय करता येईल?

कोरडा झाडू कमी, ओले फडके जास्त. चपला दाराबाहेर. भट्टीवरचे कपडे वेगळे धुवावेत, अंगणातली धूळ उडत असेल तर पाणी शिंपडावे, जेवणाआधी मुलांचे हात धुवावेत. लहान मुलांच्या पोटात शिसे श्वासापेक्षा हातातोंडातून जास्त जाते. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तर धातूंचे कण अडवतो, हेपा फिल्टरही अडवतो. पाऱ्याच्या वाफेला दोन्ही अडवत नाहीत.

२०. आमच्या मोजणी ठाण्याचे धातूंचे आकडे मिळवायचे कसे?

आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरचे अहवाल पाहा. तिथे धातू नसतील किंवा नुसती सरासरी असेल, तर मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयातील जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ, उत्तराची मुदत ३० दिवस.

‘प्रदूषणाची माहिती द्या’ असा मोघम अर्ज केला की मोघम उत्तर येते. ठाण्याचे नाव आणि वर्षे लिहून नेमके मागा: प्रत्येक नमुन्याची तारीख, ओढलेली हवा घनमीटरमध्ये, फिल्टरचा प्रकार व खेप, कोऱ्या फिल्टरची मूल्ये, पचनाची पद्धत, यंत्र, प्रत्येक धातूची ओळखमर्यादा, आणि सरासरी काढताना बीडीएलच्या जागी काय धरले ते. मत किंवा खुलासा मागू नका, उपलब्ध अभिलेखाच्या प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अपिलासोबत मूळ अर्जाची आणि पोचपावतीची प्रत जोडा.